साडूच्या बोकडाचे दात

३ फेब्रुवारी, सकाळी

भिंगांच्या कंपनीने दुकानाला डायरी भेट दिली. जाड कव्हर, आत रेशमी दोरी. इतकी चांगली वस्तू वाया घालवायची नाही. रोज लिहायचं. फक्त स्वतःबद्दल लिहायचं. साडूबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही.

दुपारी

साडूचा फोटो पेपरात आलाय. खरं तर फोटो त्याच्या बोकडाचा आहे, साडू नुसता दोरी धरून शेजारी उभा आहे. पण ही म्हणते, भाऊजी किती रुबाबदार दिसतात. हिने माझ्याच दुकानातल्या कात्रीने तो फोटो कापला आणि फ्रिजवर लावला. आता पाणी प्यायला गेलं तरी साडू.

माणसाने जन्मभर घराघरांत जाऊन विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाला, शेळ्या पाळल्या, आणि आता पेपरात. मी इतकी वर्षं गावाला दृष्टी देतोय. आमच्या दुकानातून चष्मा लावून गेलेल्या लोकांनीच तो पेपर वाचला असणार, याचा कोणी विचार करतं का?

बोकडाचं नाव नवाब. सासूबाई साडूकडेच राहतात. त्या नवाबला जावईबापू म्हणतात. स्वतःच्या हाताने पाला भरवतात. म्हणजे या घराण्यात तीन जावई झाले आणि मी तिसरा.

मला हेवा वाटत नाही. मला एवढंच वाटतं, की हिने त्या सुरात एकदा तरी माझ्याबद्दल बोलावं. 'भाऊजी' म्हणताना हिचा आवाज कसा होतो ते मी ऐकलंय. मला हाक मारताना तो आवाज कुठे जातो कोण जाणे.

४ फेब्रुवारी

ठरलं. मीसुद्धा शेळ्या पाळणार. तब्येतीसाठी. दिवसभर दुकानात बसून पाठ आखडते. याचा साडूशी काहीही संबंध नाही.

पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला पशुप्रदर्शन आहे. त्याच्याशीही संबंध नाही. फक्त चौकशी केली. 'दोन दाती बोकड' असा एक गट आहे. म्हणजे दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आलेला तरणा बोकड. साडूने नवाबला त्याच गटात घातलंय.

६ फेब्रुवारी

जनावरांच्या बाजारातून बोकड आणला. सोबत दोन शेळ्या. बोकडाचं नाव सम्राट ठेवलं. नवाबापेक्षा सम्राट मोठा असतो, एवढं तर कोणीही सांगेल.

विकणाऱ्याला बोकड देण्याची फारच घाई होती. मला वाटतं त्याने माझ्यातला जाणकार ओळखला. सम्राटच्या ओठांना हात लावला तर जरा खरखरीत लागलं. विचारलं तर म्हणाला, काटेरी झुडपं खातो हो, हाडाचा रांगडा आहे. मला पटलं. नवाबला सासूबाई मऊ मऊ पाला भरवतात. आमचा काटे खातो.

ही म्हणाली, चष्मा लावून नीट बघा ना ते ओठ. मी म्हणालो, बघितलंय. मला जवळचं थोडं, अगदी थोडं धूसर दिसतं. त्याला चष्मा लागत नाही, हात जरा लांब धरले की झालं. शिवाय साडू माझ्यापेक्षा वयाने मोठा असून पेपर उघड्या डोळ्यांनी वाचतो. तो वाचत असताना मी चष्मा लावणं शक्य नाही. माझा चष्मा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि तो तिथेच राहील.

८ फेब्रुवारी

गोठा स्वतः बांधला. म्हणजे मागची शेड होती, तिला जाळी ठोकली. तार बोटात घुसली. उजव्या हाताची तर्जनी. याच बोटाने मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतो. धंद्याचं बोट आहे. पट्टी लावली नाही, उघडी जखम लवकर वाळते.

संध्याकाळी साडू हजर. न बोलावता. हातात रबरी हातमोज्यांचा डबा. म्हणाला, अहो, नवं जनावर आणलंय, पहिले काही दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा, हातमोजे घाला, आणि आमच्याकडे येताना हात साबणाने धुवून या. हे तो हसत हसत म्हणाला. मला शिकवतोय! मी डबा घेतला, थँक्यू म्हणालो, आणि तो गेल्यावर हिला दिला. म्हटलं, भांडी घासायला वापर.

ही म्हणाली, भाऊजींना किती काळजी.

११ फेब्रुवारी

सम्राट नीट खात नाही. तोंडाशी पाला नेला की मान फिरवतो. राजाचे नखरे.

ओठांवर खपल्या वाढल्यात. काटे खोल गेलेले दिसतात. मी रोज सकाळी कामाला जाण्याआधी बोटाने त्या खपल्या काढतो. मालकाचा स्पर्श जनावराला कळतो. ही म्हणाली, इथे आसपास काटेरी झुडूप एकही नाही. म्हटलं, जुने काटे असतील.

१३ फेब्रुवारी

फार महत्त्वाचा विचार आला. नवाब दोन दाती नाहीच. अंगाने एवढा भरलेला बोकड चार दाती असणार. म्हणजे वयाने मोठा, आणि प्रदर्शनात लहान गटात घातलेला. साडूने फसवणूक केलीय. मीटर वाचणाऱ्या माणसाला आकडे बरोबर येत नाहीत, असं कसं होईल? मुद्दामच.

उद्या सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. दात मोजून यायचे. हा हेवा नव्हे, हा न्याय आहे.

१४ फेब्रुवारी

सकाळी सम्राटच्या तोंडाची सफाई केली. मग हिने घाई केली म्हणून हात पँटला पुसून तसाच निघालो.

जेवणानंतर सगळे चहा घेत बसले होते. ही आणि हिची ताई हसत होत्या. साडू काहीतरी सांगत होता. साडू काहीही सांगतो आणि हिला हसू येतं. मी फोन आल्याचं निमित्त करून गोठ्यात गेलो.

नवाब शांत उभा होता. ओठ स्वच्छ, गुळगुळीत, नाकाला ओल. आव तर असा, जणू मीच त्याला भेटायला आलोय. मी त्याचं तोंड उघडलं. आणि इथे एक अडचण आली. खालचे दात दिसले, पण मोजता येईनात. हात लांब केला तर तोंड लांब गेलं. शेवटी बोटाने मोजायचं ठरवलं. धंद्याचं बोट आहे, मिलिमीटर कळतो. एक मोठा लागला. दुसरा लागला. तिसरा लागला, की तो पहिलाच होता? पुन्हा सुरुवात केली. चौथा नक्की लागला. खात्रीसाठी बोट जरा आत नेलं तेव्हा दाढेत सापडलं. ओरडलो नाही. फार ओरडलो नाही.

मागे वळलो तर दारात साडू. म्हणाला, काय करताय? म्हटलं, लाड करतोय. त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, तुमचंही याच्यावर प्रेम आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि आत जाऊन सगळ्यांना तेच सांगितलं. सासूबाईंनी मला पहिल्यांदाच न मागता दुसरा चहा दिला. नवाबच्या नावावर.

निष्कर्ष : चार दात. निश्चित.

१५ फेब्रुवारी

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई प्रदर्शनाच्या परीक्षक आहेत. एका जागरूक नागरिकाला काही कळलंय असं म्हणालो. बाई म्हणाल्या, कोण नागरिक? म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. बाई म्हणाल्या, स्वतः जाऊन दात बघते.

साडूचा चेहरा बघायला मी हजर राहणार होतो, पण दुकानात गिऱ्हाईक आलं.

१८ फेब्रुवारी

बोटावर लाल पुटकुळी. तारेची जखम होती तिथेच. नवाबच्या दाढेचं विष असणार.

सम्राट जरा बरा खातोय. खपल्या गळायला लागल्या. माझ्या हाताला यश आहे.

२० फेब्रुवारी

पुटकुळी आता रुपयाएवढी. मध्ये पांढरट, भोवती लाल कडं. नेमबाजीची पाटी असते तशी. दुखत नाही फार, पण दिसते फार. एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवायला गेलो तर बाईंनी मान अशी मागे घेतली की खुर्चीसकट कलंडल्या. फ्रेम न घेता गेल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात जनावरं आहेत का? आता शेळ्यांचं सांगितलं तर तब्येतीसाठी पाळल्यात इथपासून सुरुवात करावी लागली असती. म्हटलं, माझी नाहीत, साडूची आहेत. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या.

संध्याकाळी इंटरनेटवर बोटांचे फोटो बघितले. फोन हात लांब करून बघितला, तरी जे दिसलं ते पुरेसं होतं. हिला म्हटलं, माझं काही बरंवाईट झालं तर दुकान तू चालव. ही म्हणाली, आधी कचरा बाहेर ठेवा, गाडी येईल.

२३ फेब्रुवारी

नवाब आजारी. ताईचा फोन आला. ओठ सुजले, वर फोड, खपल्या. खाणं बंद. आणि नुसता तोच नाही. दोन शेळ्यांच्या सडांवर तसेच फोड, त्या करडांना जवळ येऊ देत नाहीत. एका करडाच्या हिरड्यासुद्धा सुजल्यात, त्याला चोखताच येत नाही. सासूबाई रडताहेत.

प्रामाणिकपणे लिहायचं तर पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं. फार नाही, जिना उतरेपर्यंत. मग ही पर्स घेऊन निघाली. म्हणाली, करडांना बाटलीने दूध पाजायला ताईला माणूस हवंय. भाऊजी रात्रंदिवस गोठ्यातच आहेत, जेवलेसुद्धा नाहीत. आणि भांडी घासायचे हातमोजे घेऊन गेली.

मी आजारी पडलो तेव्हा कचरा बाहेर ठेवायला लावला होता.

२४ फेब्रुवारी

सगळं लख्ख दिसलं! नवाबला रोग. नवाबची दाढ माझ्या बोटाला लागली. माझ्या बोटाला रोग. म्हणजे साडूने रोगी बोकड पाळला, लपवला, आणि माझा बळी गेला. हिला सांगितलं.  ही म्हणाली, सम्राटच्या तोंडाला आणलं त्या दिवसापासून खपल्या होत्या. म्हटलं, ते काटे. हिने हातमोजे उचलले आणि ताईकडे निघून गेली. हिचं असं निघून जाणं मला आवडत नाही.

२६ फेब्रुवारी

बोट पुरावा म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी बोट बघितलं मात्र, खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, अहो, हा मावा! शेळ्यामेंढ्यांच्या ओठांवर होतो तो. विषाणूचा रोग आहे, हाताला जखम असली की माणसालाही होतो. इतका नमुनेदार बोटावर मी फक्त पुस्तकात बघितलाय. त्यांनी बोटाचे फोटो काढले. समोरून, बाजूने, वरून. टेबलावर पट्टी ठेवून पुन्हा. किती दिवसांनी माझ्याकडे कोणीतरी अशा कौतुकाने बघत होतं! मी बोट हवं तसं वळवून दिलं.

विचारलं, हे फोटो कुठे लावणार? म्हणाल्या, प्रदर्शनात माहितीचं मोठं पोस्टर करू. मी लगेच होकार दिला. मग विचारलं, कोणत्या जनावरापासून? म्हटलं, नवाब. मालक? साडूचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, नीट लिहा म्हणून दोनदा सांगितला. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. विनयाने मीही सांगितलं नाही.

औषध नाही म्हणाल्या. आपोआप बरा होतो, महिना-सव्वा महिना लागेल, कापायचं नाही, फोडायचं नाही, झाकून ठेवायचं, आणि या हाताने जनावराला शिवायचं नाही.

निघताना म्हणाल्या, तुमच्या त्या नागरिकाला सांगा, नवाबचे दात मी सोळा तारखेला बघितले. दोनच आहेत. आणि तेव्हा तोंड अगदी स्वच्छ होतं.

मी म्हटलं, नागरिकाला सांगतो.

१ मार्च

डॉक्टरीणबाई आमच्या शेडमध्ये आल्या. सोबत साडू. मी चहा करायला सांगायला आत गेलो, तेवढ्यात बाईंनी हिला विचारून घेतलं सगळं. सम्राट कधी आणला, तोंड कसं होतं, आम्ही तिकडे जेवायला कधी गेलो. नवऱ्याची चौकशी बायकोला विचारून करू नये असा काही नियम असायला हवा.

जमिनीवर पडलेल्या खपल्या बाईंनी चिमट्याने उचलून बाटलीत घातल्या. म्हणाल्या, गळालेल्या खपलीतसुद्धा हा विषाणू महिनोन्महिने जगतो, खालचा सगळा पेंढा जाळा. मग मला विचारलं, सम्राटच्या खपल्या कोण काढायचं? म्हटलं, मी. हातमोजे? म्हटलं, होते घरात. त्या दिवशी हात धुतले होते? म्हटलं, पुसले होते. मग त्या साडूकडे वळून म्हणाल्या, तुमच्या नवाबच्या तोंडात कोणी हात घालण्याचं कारण नाही ना?

मी जाळीकडे बघत राहिलो. जाळी चांगली ठोकलीय.

साडूला आठवलं. मला दिसलं त्याला आठवलेलं. लाड करतोय म्हणालो होतो ते. आता ओरडेल, म्हटलं. ओरड एकदाचा. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द सुनावले असते, बरोबरी झाली असती. तो म्हणाला, होतं असं कधीकधी. नवं नवं असताना कळत नाही माणसाला.

हिने हे ऐकलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगतो, तो मुद्दाम करतो.

बाई म्हणाल्या, यंदा प्रदर्शनात शेळ्यामेंढ्यांचा विभागच बंद ठेवावा लागेल.

५ मार्च

बोट झाकून ठेवायचं म्हणून शेडमधलं काम बंद. साडू रोज सकाळी येतो. आमच्या शेळ्यांना चारा, पाणी, पेंढा जाळणं, फरशी धुणं. हातमोजे घालून. मग घरी जाऊन कपडे बदलून स्वतःच्या आजारी जनावरांचं करतो.

मी म्हटलं, गडी लावतो. म्हणाला, घरातलं काम आहे, गडी कशाला?

ही त्याला माझ्या कपातून चहा देते. निळ्या कडेचा. दुसरे कप धुवायचे होते म्हणे.

९ मार्च

ते करडू गेलं.

हिरड्या सुजलेलं ते. ही रोज दोन वेळा जाऊन त्याला बाटलीने पाजत होती. काल चमच्याने पाजलं. आज घेतलंच नाही. हिच्या मांडीवरच गेलं.

तसं ते आधीपासून अशक्त असावं.

नसावं. गेल्या महिन्यात आम्ही जेवायला गेलो तेव्हा ते ओट्यावरून उड्या मारत होतं. मी बघितलं होतं. लांबचं मला स्वच्छ दिसतं.

ही जेवली नाही. बाहेरच्या नळाशी बसून हातमोजे कितीतरी वेळ धूत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.  म्हटलं, बरं झालं तू मोजे घातले होतेस, तुला नाही झालं. ही म्हणाली, भाऊजींनी दिले होते म्हणून.

मला फार वाईट वाटलं. करडाचं वाटलं. आणि हेही वाटलं, की हिला वाचवलं तेसुद्धा त्याने. हे दुसरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

१२ मार्च

सासूबाईंच्या अंगठ्याला फोड. नवाबला हाताने भरवत होत्या. दवाखान्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, मी बोट धरून, त्या अंगठा धरून. त्यांनी पिशवीतून बिस्किट काढलं, अर्धं मला दिलं. मला भरून आलं. मग म्हणाल्या, जावईबापूंना बिस्किट फार आवडायचं हो, आता तोंडच उघडत नाहीत.

अर्धं मला का मिळालं ते कळलं.

१६ मार्च

नवाब खायला लागला. साडूकडून फोन. ही फोनवर टाळ्या वाजवत होती.

ठरवलंय. एकवीस तारखेला प्रदर्शनाला जायचं. माझ्या बोटाचं पोस्टर आहे. पेपरात साडूच्या बोकडाचा फोटो आला होता, तो तळहाताएवढा. माझं बोट माणसाएवढं असणार. ही बघेल. सगळे बघतील. कोणी विचारलं तर साधेपणाने सांगायचं, हो, माझंच. निळं जाकीट काढून ठेवलंय.

२१ मार्च, दुपारी चहाच्या टपरीवर

पोस्टर दारातूनच दिसलं. भव्य. प्रत्येक कडं स्पष्ट. शेळ्यांचा विभाग रिकामा, म्हणून सगळी गर्दी तिथेच. मी पोस्टरशेजारी जाऊन उभा राहिलो. पट्टी काढली आणि बोट सहज दिसेल असं हनुवटीला टेकवलं.

बराच वेळ कोणी विचारलं नाही. लोक पोस्टर वाचायचे आणि पलीकडे बघायचे. पलीकडे साडू. डॉक्टरीणबाईंनी त्याला लोकांशी बोलायला बसवलं होतं. लोक त्याचा खांदा थोपटत होते. एक म्हातारे गृहस्थ त्याला म्हणाले, फार सोसलंत हो, बोट आता कसं आहे?

बोट? त्याचं?

दुकानातून येताना ड्रॉवरमधला चष्मा खिशात टाकला होता. कशाला टाकला कोण जाणे. लावला. पोस्टरच्या खालची ओळ वाचली. 'नवाब बोकडाच्या मालकाच्या बोटाला झालेला मावा.' आणि साडूचं नाव. पत्ता. अगदी नीट लिहिलेला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, पोस्टर आधीच छापायला गेलं होतं हो, तुम्ही बोकडाचा मालक म्हणून सांगितलेलं नाव छापखान्याने बोटालाच लावलं.

तिकडे साडू लोकांना सांगत होता. आमच्याच घरातली गोष्ट आहे. नवं जनावर आणलं, वेगळं ठेवलं नाही. खपल्या हाताने काढल्या. हात धुतले नाहीत. एक करडू गेलं त्यात. चूक आमची. तुम्ही करू नका. कुठे माझं नाव नाही. आणि लोक हळहळत होते, त्याच्यासाठी!

माझं डोकं फिरलं. फ्रिजचं दार घेतलंस, निळ्या कडेचा कप घेतलास, सासूबाई घेतल्यास. आता बोटही घेतलंस, आणि चूकसुद्धा? मी चष्म्यासकट पुढे झालो आणि जोरात ओरडलो, बोट माझं आहे! खपल्या मी काढल्या! त्याच्या बोकडाच्या तोंडात हात मी घातला, दात मोजायला घातला, माझ्या मनात त्याच्याबद्दल जळफळाट होता म्हणून घातला! ते करडू माझ्यामुळे गेलं! यातलं काहीही त्याचं नाही, सगळं माझं आहे!

आणि बोट वर करून दाखवलं. गर्दी मागे सरकली. चांगली मोकळी जागा झाली भोवती.

तेव्हा मला ही दिसली. गर्दीच्या मागच्या कडेला, निळ्या स्वेटरमध्ये. माझ्याकडेच बघत होती. जवळचा चष्मा डोळ्यांवर, त्यामुळे लांबचं सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं, चेहरा नीट दिसला नाही. पण मान जरा कलती होती आणि एक हात छातीशी. फ्रिजवरच्या फोटोकडे बघते तेव्हा अशीच उभी राहते. मी शपथेवर सांगतो, तीच नजर होती. चष्मा काढून बघेपर्यंत गर्दी मध्ये आली.

काही म्हणा, आयुष्यात एकदा मिळाली. चहा छान आहे इथला.

२२ मार्च, संध्याकाळी

हिला आज सहज विचारलं, काल मी बोललो तेव्हा काय वाटलं तुला? ही म्हणाली, कुठे बोललात? मी आणि ताई तर तेव्हा कोंबड्यांच्या तंबूत होतो. म्हटलं, निळ्या स्वेटरमध्ये तूच होतीस. ही म्हणाली, माझा निळा स्वेटर धुवायला टाकलाय, काल हिरवा होता.

निळा स्वेटर कोणाचा होता देव जाणे.

मग म्हणाली, पण कळलं मला, भाऊजींनी घरी आल्यावर सगळं सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर कसं कबूल केलंत, किती धीर लागतो त्याला, शब्दन् शब्द सांगितला.  मी म्हटलं, मग? ही म्हणाली, मग काय, आम्हा सगळ्यांनाच रडू आलं. एवढं सगळं होऊनही दुसऱ्याचं इतकं चांगलं बोलायचं म्हणजे केवढं मोठं मन लागतं. आणि हिचा आवाज तसा झाला.

बोटावरची खपली आज आंघोळीच्या वेळी गळून पडली. उचलून जाळली, हात साबणाने धुतले. खाली नवी कातडी आहे, गुलाबी, डागसुद्धा राहिला नाही. हिला नेऊन दाखवली. हिने माझा हात हातात घेतला, खिडकीच्या उजेडात नेऊन नीट बघितलं आणि म्हणाली, भाऊजींच्या हाताला बघा, इतकं सगळं करून साधा ओरखडाही नाही.